विकण्याआधी

आधी प्लग काढ, युनूस.
मग थोडं थांब. वीज गेली तरी
तिचा राग कपॅसिटरमध्ये दबा धरून असतो.
हा माझा अंगठा बघ. नख परत आलंच नाही.

आता काच. दोघांनी धरायची, खाली जुनी चटई.
कोपरा फरशीला टेकला
तर साखर सांडल्यासारखी होते सगळी.

पिरे बाईंच्या कॅफेत उभं होतं हे एकतीस वर्षं,
सिगारेटचं यंत्र आणि संडासाचं दार यांच्या मधे.
बाई म्हणतात, चालतंय की!
दिवे लागतात, गोळी परत येते.
एवढ्यावर मी मांजरही विकणार नाही.

रबरं काढ. चांगली दिसतात तीसुद्धा,
एका पिशवीतून आलेली, एकदमच जातील.
गोळीवरून नख फिरव.
खरखर लागली ना? रोज थोडं थोडं लाकूड खाते ती. फेकून दे.
डावा फ्लिपर बघ, नळी झिजून कागद झालीय,
उजवा अजून कोरा.
कोणीतरी सगळं आयुष्य एकाच बाजूने खेळलंय इथे.
आपण दोन्ही बदलायचे.

आणि हे! फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी.
कॅफेवाल्यांची डॉक्टरकी.
आकडा वाच, तितक्याच अँपिअरचा घाल.
जळायची वेळ आली तर आधी त्याने जळायचं,
नोकरीच ती त्याची.

थांब. हा लंबक.
यंत्र जास्त हलवलं की हा कड्याला लागतो, खेळ बंद.
याला चिकटपट्टीने बांधून टाकलंय, चार वेढे.
मी बाईंना फोन केला.
म्हणाल्या, हो, मीच बांधला.
भट्टी बंद होणार हे कळलं त्या हिवाळ्यात
रात्रपाळीची माणसं सहाला यायची,
कोट न काढता.
कुठेतरी धक्का मारायला नको का त्यांना, फिर्मां?

पट्टी सोड. हळू. डिंक रॉकेलने पूस.
लंबक मोकळा हवा, नव्या माणसाला नियम लागतो.

पैशाच्या डब्याखाली हात घाल. नाणी आहेत,
वीस फ्रँकची, अकरा.
आता शार्लरुआत कोणी त्यांचा पावही देणार नाही.
पाकिटात घाल, वर नाव लिही. बाईंची आहेत.

बॅटरीचं मात्र मीच करतो.
तीन सेल, तिन्हींना हिरवा मोड,
बोर्डावर पोचायला बोटभर उरलाय.
काढले की यंत्र सगळं विसरतं.
म्हणून आधी लिहून घे,
पहिला क्रमांक, एल, यू, सी,
अठ्ठेचाळीस कोटी आणि वर काहीतरी.
बाईंना आठवत नाही हा कोण.
इतके ल्यूक यायचे, म्हणाल्या.

हातानं परत भरता येतो का? नाही येत.
तिथे खेळूनच जावं लागतं.

मग साबणाशिवाय पुसणं, मेण, दोन हात,
पाय समपातळी, पाण्याचा बुडबुडा मधोमध.
आणि कागद. कागद विसरायचा नाही.
मधल्या भोकापाशी रंग मी लावला, लिही.
जळका कनेक्टर बदलला, लिही.
मागची काच सोलतेय, मला जमणार नाही, तेही लिही,
ठळक, किमतीच्या वर.
डाव्या कडेचा सिगारेटचा डाग तसाच ठेव.
घासून बघितलाय मी. खोल आहे.

शनिवारी दहा खेळ खेळलो, काही अडकलं नाही.
किल्ली तुझ्याकडे ठेवून घरी गेलो.

सोमवारी चालू केलं.
वरती कारखान्याची भरलेली नावं, ओळीने,
आणि चौथ्या जागी, जेमतेम,
एल, यू, सी.
तुझे डोळे लाल होते. मी कॉफी ओतली.

दुपारी नामूरचा माणूस व्हॅन घेऊन आला.
बिलात रबरं लावली, नळ्या, सेल, माझे चौदा तास.
रविवारची वीज
लावली नाही.